नोकरी, कॅमेरा आणि दुसऱ्यांदा आलेला ग्राहक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे नोकरी सोडून पूर्णवेळ छायाचित्रण करावे का, या एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. त्यांतील चार पत्रे निवडली असून, पहिल्या पत्राने जागा जास्त घेतली आहे याची जाणीव आहे. पण त्या पत्रलेखकाने आकडे मोकळेपणाने लिहिले आहेत आणि आकडे असले की उत्तरही नेमके देता येते.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रकल्प व्यवस्थापक आहे. या कंपनीत मला अकरा वर्षे झाली. गेली सहा वर्षे प्रत्येक सुट्टीला कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. भिगवणचे रोहित पक्षी, पावसाळ्यातले राजगड-तोरणा आणि मित्रमंडळींची लग्ने असे बरेच काही टिपले. गेल्या वर्षी पाच लग्नांचे पैसेही घेतले. प्रत्येक लग्नाच्या दोन दिवसांच्या कामाचे साठ हजार रुपये मिळाले, त्यांतले पंचवीस हजार जोडीदार छायाचित्रकार, मदतनीस, प्रवास आणि अल्बम यांत गेले. घराचा हप्ता धरून आमचा महिन्याचा खर्च ८५ हजार आहे. पत्नी शिक्षिका असून तिचा पगार ३५ हजार आहे. मुलगी दुसरीत आहे, हाताशी नऊ लाखांची बचत आहे. सेबास्तियाओ सालगादो हा जगप्रसिद्ध छायाचित्रकार आधी अर्थतज्ज्ञ होता आणि नोकरी सोडून या क्षेत्रात आला, हे वाचल्यापासून ऑफिसात लक्ष लागत नाही. आणखी थांबलो तर हे कधीच होणार नाही, असे वाटते. राजीनामा द्यावा का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : आपण सालगादोचे उदाहरण दिले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. लंडनमधील आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत तो अर्थतज्ज्ञ म्हणून काम करत होता, कामानिमित्त आफ्रिकेत जात होता आणि पत्नी लेलिया हिने वास्तुकलेच्या अभ्यासासाठी घेतलेला कॅमेरा त्याच्या हाती आला होता. १९७३ मध्ये त्याने नोकरी सोडली, इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची आठ वर्षे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या काळात तो सिग्मा, गामा आणि १९७९ पासून मॅग्नम अशा संस्थांसाठी, त्या पाठवतील तिथे जाऊन, बातमीची छायाचित्रे काढत होता. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा रेगन यांच्या पहिल्या शंभर दिवसांवरच्या एका नेमून दिलेल्या कामासाठी सालगादो तिथे हजर होता. ती छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांनी विकत घेतली आणि त्या पैशांतून त्याला आफ्रिकेतल्या दुष्काळावरचे स्वतःच्या मनातले काम करता आले. म्हणजे ज्या कामासाठी आपण त्याला ओळखतो, त्या कामाचा खर्च दुसऱ्याच कामाने भागवला. लेलियाने त्याची पुस्तके आणि प्रदर्शने उभी केली, १९९४ मध्ये दोघांनी मिळून स्वतःची संस्था काढली, हा भागही त्या गोष्टीतून गळतो. आपल्या पत्नीचा उल्लेख आपल्या पत्रात केवळ पगाराच्या आकड्यापुरता आला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण गौतम राजाध्यक्ष यांचे आहे. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या छायाचित्र विभागात लागले, पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९८७ मध्ये बाहेर पडले. चित्रपट कलावंतांची छायाचित्रे त्यांनी १९८० च्या सुमारासच काढायला सुरुवात केली होती. म्हणजे नोकरीत तेरा वर्षे, त्यांतली जवळपास सात वर्षे दोन्ही डगरींवर पाय ठेवून! आपल्याकडे हा वाक्प्रचार दोष दाखवण्यासाठी वापरतात; या बाबतीत तो शहाणपणाचा आहे, असे माझे मत आहे. बाहेर पडण्याच्या दिवशी त्यांना स्वतःची ओळख करून द्यावी लागली नाही, कारण काम देणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते.

आता आपले आकडे घेऊ. पत्नीचा पगार वजा जाता घराला महिन्याला पन्नास हजार, म्हणजे वर्षाला सहा लाख लागतात. दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश, संगणक आणि साठवणुकीच्या डिस्क यांची किंमत सहा लाख धरली आणि हे सामान चार वर्षे चालेल असे मानले, तर वर्षाला दीड लाख बाजूला पडले पाहिजेत. कुटुंबाचा आरोग्यविमा, सॉफ्टवेअरची वर्गणी, हिशेबनीस, जाहिरात आणि फोन यांसाठी आणखी नव्वद हजार धरू. बेरीज आठ लाख चाळीस हजार. एका लग्नातून आपल्या हाती पस्तीस हजार उरतात, तेव्हा वर्षाला चोवीस लग्ने हवीत. एका लग्नाला छायाचित्रणाचे दोन दिवस, निवड-संस्करण-अल्बम यांचे सहा दिवस आणि भेटीगाठींचा एक दिवस, असे नऊ दिवस जातात. चोवीस लग्नांचे २१६ दिवस झाले. त्यांत कॅमेरा हातात असलेले दिवस फक्त अठ्ठेचाळीस. उरलेल्या १६८ दिवसांपैकी १४४ दिवस आपण पुन्हा संगणकासमोरच बसलेले असाल, आणि या वेळी कॅन्टीनही नसेल. या हिशेबात आजारपण, मुलीचे पुढचे शिक्षण, निवृत्तीची तरतूद आणि प्राप्तिकर यांतले काहीच धरलेले नाही. दिलासा एवढाच की चोवीस लग्नांची उलाढाल चौदा लाख चाळीस हजार होते आणि सेवांसाठी असलेली जीएसटीची वीस लाखांची मर्यादा त्यामुळे ओलांडली जात नाही.

बरे, चोवीस लग्ने बारा महिन्यांत विभागून येत नाहीत. तुळशीचे लग्न लागल्यावर हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतो. मध्येच गुरू किंवा शुक्राचा अस्त आला तर काढीव मुहूर्तांवर भागवावे लागते, आणि साधारण तीन वर्षांनी येणारा अधिक महिना ऐन हंगामात पडला तर तो महिना कोराच जातो. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा काळ अधिक ज्येष्ठाचा आहे. मुलांच्या सुट्ट्या पाहून लग्ने काढणाऱ्या घरांच्या दृष्टीने मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे हंगामाचा गाभा असतो. या धंद्यातला मुरलेला माणूस दिवाळीआधी पंचांग विकत आणतो ते धार्मिक कारणासाठी नव्हे. आणि एका चांगल्या मुहूर्तावर आपल्याला पाच घरांतून विचारणा होते, त्यांतले एकच काम घेता येते, हेही त्यात आले.

लग्नाचे छायाचित्रण आणि छंदाचे छायाचित्रण यांतला फरक मला एका क्षणात समजला होता. लग्नाचा छायाचित्रकार म्हणून माझे ते केवळ दुसरे काम होते, एका तालुक्याच्या गावी. शेवटचे मंगलाष्टक चालू होते, आंतरपाट अजून धरलेला होता, मी वधूच्या चेहऱ्यावर फोकस लावून तयार होतो. ‘सावधान’ झाले, आंतरपाट खाली गेला आणि त्याच क्षणी चारही बाजूंनी अक्षता आल्या. माझ्या कॅमेऱ्याने वधूला सोडून हवेतल्या तांदळाच्या दाण्यांवर फोकस धरला. सात छायाचित्रांत दाणे सुरेख स्पष्ट होते, माणसे धूसर होती. शिवाय मांडवातले स्वस्त एलईडी दिवे पन्नास हर्ट्झच्या विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत होते. मी शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडे, ठेवल्याने प्रत्येक छायाचित्रावर आडवे काळसर पट्टे उमटले होते. शंभरावर ठेवले असते तर पट्टे गेले असते, मात्र अक्षता टाकणारे हात किंचित पुसट आले असते. यांतले काय सोसायचे, हे तिथे उभे असताना अर्ध्या सेकंदात ठरवावे लागते. राजगडावरचा ढग दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आंतरपाट पुन्हा धरा, असे सांगता येत नाही. आता मी त्या क्षणापुरता आपोआप फोकस बंद करतो आणि शंभरावर राहतो. हात पुसट आलेले लोकांना चालतात.

आपली छायाचित्रे आपण सोबत पाठवली आहेत आणि ती चांगली आहेत, पण राजीनाम्याचा निर्णय छायाचित्रे पाहून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ग्राहक पाहून करावा. ज्या पाच लग्नांचे पैसे आपण घेतले, त्यांतली मित्रांची किती आणि अनोळखी माणसांची किती? अनोळखींपैकी कोणी दुसऱ्यांदा आले का? लग्नाला माणूस दुसऱ्यांदा कसा येईल, असे आपण विचाराल. वधूच्या धाकट्या बहिणीचे लग्न असते, वर्षभराने डोहाळजेवण असते, मग बारसे, मग पहिला वाढदिवस असतो. शिवाय आतेभाऊ आणि मावसबहिणी असतातच. पहिले काम माणसे ओळखीने, कौतुकाने किंवा स्वस्त पडते म्हणून देतात. दुसरे काम मात्र ती आपल्या वक्तशीरपणाकडे, अल्बम ठरल्या तारखेला आला होता का याकडे आणि मामांचा फोटो राहून गेला होता का याकडे पाहून देतात. आपल्या वहीत अशी दुसऱ्यांदा आलेली अनोळखी घरे किमान चार-पाच होईपर्यंत थांबावे. त्याला एक हंगाम लागेल किंवा दोन. आणखी थांबलो तर कधीच होणार नाही, या भीतीवर उपाय म्हणून आजच तारीख लिहून ठेवा, परंतु ती पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नाच्या आधीची नको.

लग्नांखेरीज आपल्याला आणखी एक वाट आहे आणि तिचा उल्लेख आपण केलेला नाही, याचे आश्चर्य वाटले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना यंत्रे, उत्पादने, वार्षिक अहवाल आणि अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे यांसाठी छायाचित्रकार लागतो. हे काम मुहूर्तावर चालत नाही. पुरवठादार म्हणून नोंदणी, दरपत्रक, परचेस ऑर्डर, बिल मंजूर करून घेणे या गोष्टींना बहुतेक छायाचित्रकार घाबरतात. आपण तर अकरा वर्षे त्यातच काढली आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगा. माझ्या पहिल्या वर्षी एका कार्यक्रम-व्यवस्थापन कंपनीने माझे पैसे नऊ महिने अडकवले होते आणि मी केवळ फोन करत राहिलो, कारण दुसरे काही करता येते हे मला माहीत नव्हते. आपण केंद्र सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून विनामूल्य नोंदणी करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास व्याज लागते. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापला की हिशेब विभागाचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

राजीनाम्याआधीच्या गोष्टी भराभर सांगतो. आपल्या नेमणूकपत्रात बाहेरील कामास मनाई करणारे कलम आहे का, हे आधी पाहा. पाच लग्नांचे पैसे घेतल्यावर हे सांगणे उशिराचे आहे, तरी पाहा आणि लागल्यास लेखी परवानगी मागा. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्यविमा आजच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि तो नोकरीत असतानाच सरत राहिलेला बरा. गृहकर्जाची बँक बदलायची असेल किंवा हप्ता कमी करून घ्यायचा असेल तर तेही पगारपत्रक हातात असताना करा, कारण नंतर बँक दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागते. अकरा वर्षांच्या सेवेमुळे आपण ग्रॅच्युइटीला पात्र आहात. ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे शेवटचे मासिक वेतन पंधराने गुणून सव्वीसने भागा आणि वर्षांनी गुणा, एवढी रक्कम येईल. ती आणि भविष्यनिर्वाह निधी कॅमेऱ्यात घालू नका. हाताशी असलेली नऊ लाखांची बचत म्हणजे घरखर्चातली पन्नास हजारांची तूट भरून काढणारे अठरा महिने आहेत. त्यातून लेन्स घेतली की महिने कमी होतात, असा हिशेब डोक्यात ठेवा.

आणि हे उत्तर पत्नीला वाचायला द्या. हंगामात शनिवार-रविवार आपण घरी नसाल आणि त्यांची सुट्टी नेमकी तेव्हाच असते, हा प्रश्न पैशांच्या आधी सुटायला हवा.

प्रश्न : मी नाशिकला बँकेत नोकरी करते आणि दोन वर्षांत ती सोडून पूर्णवेळ छायाचित्रण करण्याचा विचार आहे. दिंडोरी परिसरातील एका द्राक्षबागायत कंपनीने मला पंधरा हजार रुपये देऊन माहितीपत्रकासाठी छायाचित्रे काढून घेतली. करार झाला नव्हता. यंदा तीच छायाचित्रे महामार्गावरच्या फलकावर आणि दिनदर्शिकेवर दिसली. त्यांत तोडणीच्या वेळची दोन छायाचित्रे अशी आहेत की जी मी आदल्या वर्षी माझ्या हौसेने काढली होती आणि नमुना म्हणून त्यांना पाठवली होती. विचारल्यावर “पैसे दिलेत ना” असे उत्तर मिळाले. छायाचित्र ज्याने काढले त्याचा हक्क नसतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असतो, पण सगळ्या वेळी नसतो, आणि आपल्या बाबतीत उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता ते काढणारी व्यक्ती असते आणि सर्वसाधारणपणे पहिला स्वामित्वहक्कही तिचाच असतो. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात मात्र अपवाद आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर तसा वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा ठरतो. त्यामुळे पंधरा हजार घेऊन काढलेली छायाचित्रे त्या कंपनीने फलकावर लावली, यावर आक्षेप घेणे कठीण आहे. “पैसे दिलेत ना” हे उत्तर उद्धट असले तरी चुकीचे नाही. अनेक अनुभवी छायाचित्रकारांनाही हे कलम माहीत नसते, म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

तोडणीची दोन छायाचित्रे मात्र आपली आहेत. ती कोणाच्या सांगण्यावरून काढलेली नाहीत, त्यांचा मोबदला घेतलेला नाही, आणि नमुना पाठवणे म्हणजे हक्क देणे नव्हे. हक्क हस्तांतरित करायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो, वापराचा परवानाही लेखीच लागतो. त्या दोन छायाचित्रांच्या मूळ फायली, त्यांतल्या तारखा आणि पाठवलेला ईमेल जपून ठेवा. मग वकिलाची नोटीस पाठवण्याआधी त्यांना सरळ पत्र लिहून या दोन छायाचित्रांच्या फलक आणि दिनदर्शिका अशा दोन वापरांचे बिल पाठवा. माझा अनुभव असा की मोठ्या रकमेची धमकी दिली की फाईल विधी विभागाकडे जाते आणि तिथेच राहते. रास्त रकमेचे बिल गेले तर ते बहुधा चुकते होते.

यापुढे दरपत्रकाच्या तळाशी दोन वाक्ये छापा आणि त्यावर ग्राहकाची सही घ्या : छायाचित्रांचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला अमुक वापरासाठी, अमुक इतक्या काळासाठी परवाना दिला आहे. वापर म्हणजे माहितीपत्रक, संकेतस्थळ, फलक, दिनदर्शिका असे शब्द लिहूनच. ‘सर्व जाहिराती’ असे लिहू नये. ग्राहकाला सगळेच हक्क हवे असतील तर जरूर द्यावेत, मात्र त्याचा दर वेगळा सांगावा. आपण बँकेत रोज लोकांना बारीक अक्षरांतल्या अटींवर सह्या करायला लावत असणार, तेव्हा हे आपल्याला जड जाणार नाही.

प्रश्न : नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेतून कोणता कॅमेरा घ्यावा? दोन-अडीच लाखांची तयारी आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कोणताच नको. सध्याच्या कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर छायाचित्रे साठवण्याची सोय नसेल, तर मात्र पैसे घेऊन काम करण्याआधी तशी सोय असलेला, गरज पडल्यास वापरलेला, कॅमेरा घ्यावा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात वापरलेल्या सामानाचे व्यवहार वर्षानुवर्षे चालत आले आहेत. तिथे शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा मागून घ्यावा आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तो रोग फार. महागडी लेन्स कामापुरती भाड्याने आणावी आणि तिचे भाडे ग्राहकाच्या बिलात लावावे. तीच लेन्स वर्षात दहा-बारा वेळा भाड्याने आणली गेली, तर विकत घेण्याचा विचार करावा. उरलेल्या पैशांतून पहिली खरेदी साठवणुकीच्या दोन डिस्कची करावी आणि त्यांतली एक घराबाहेर, भावाकडे किंवा मित्राकडे ठेवावी. एका लग्नाच्या तीन हजार मूळ फायली सहज पाऊणशे ते नव्वद जीबी होतात आणि त्या पुन्हा काढता येत नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा २७ वर्षांचा आहे. नागपुरात अभियंता म्हणून चांगल्या कंपनीत आहे. आता म्हणतो, नोकरी सोडून वन्यजीव छायाचित्रण करणार. दर महिन्याला ताडोब्याला जातो, पगारातला मोठा वाटा तिथेच जातो. ह्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले आहे. मुली सांगून येतात, त्यांना काय सांगावे हाही प्रश्न आहे. मला त्याला अडवायचेही नाही आणि पाठिंबा द्यायचा तर कशाला द्यायचा हेही कळत नाही.
— एक आई, वर्धा

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची दिशा आहे. कशाला पाठिंबा द्यायचा, हे त्याने आपल्याला समजावून सांगायला हवे आणि ते त्याला अजून सांगता आलेले नाही. वाघाचे छायाचित्र विकून घर चालते, अशी त्याची समजूत असेल तर ती वेळीच दूर झालेली बरी. वाघाची उत्तम छायाचित्रे आज हजारो लोकांकडे आहेत आणि नियतकालिकांचे मानधन जिप्सी, प्रवेशशुल्क आणि मुक्काम यांच्या खर्चालाही पुरत नाही. या क्षेत्रात जे टिकून आहेत, त्यांचे उत्पन्न बहुतांशी लोकांना जंगलात घेऊन जाणे, छायाचित्रणाच्या कार्यशाळा घेणे, हॉटेले आणि रिसॉर्टसाठी काम करणे, संस्थांसाठी माहितीपट करणे यांतून येते. म्हणजे माणसांत मिसळायचा, त्यांची सोय-गैरसोय पाहायचा, पहाटे चारला त्यांना उठवायचा हा उद्योग आहे. आपला मुलगा एकटे बसण्यासाठी जंगलात जात असेल, तर हा व्यवसाय त्याला आवडणार नाही. मग नोकरी ठेवून जंगलात जाणे त्याच्या जास्त सुखाचे आहे. पावसाळ्याचे तीन महिने ताडोब्याचा गाभा बंद असतो. त्या काळात काय करणार, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर लिहून मागा. लिहिलेले असले की वडिलांनाही वाचता येईल.

सत्तावीस हे वय वाकडच्या वाचकाच्या अडतीसपेक्षा फार सोपे आहे. हप्ता नाही, मूल नाही, आणि दोन वर्षे प्रयत्न करून जमले नाही तर अभियंत्याला परत नोकरी मिळणे अवघड असले तरी अशक्य नाही. मुदत ठरवून, स्वतःच्या बचतीवर तो हे करणार असेल, तर मी त्याला अडवणार नाही. आपली भविष्याची ठेव मात्र मोडू नका. त्याने मागितली तरी नाही. मुली सांगून येतात त्यांना खरे तेच सांगा. ज्या घराला ते चालणार नाही, ते घर नंतरही कुरकुरलेच असते.

ह्यांच्या अबोल्यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही, पण एक गोष्ट करून पाहता येईल. मुलाला सांगून तिघांची एक सकाळची सफारी काढा, थंडीतली. मोहर्ली गेटवर पहाटे रांगेत उभे राहावे लागते आणि गाभाक्षेत्रात मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे चार तास त्या दोघांना एका गाडीत फोनशिवाय बसावे लागेल. वाघ दिसेल न दिसेल. मुलगा कुठे गप्प बसतो, कशाकडे बोट दाखवतो, चितळाची हाक कशी ओळखतो, हे त्याच्या वडिलांनी अजून पाहिलेले नाही. शाल आणि कानटोपी घ्या, उघड्या जिप्सीत वारा फार लागतो. आणि मंगळवार सोडून दिवस निवडा, त्या दिवशी ताडोबा बंद असतो.